मशीनचा लाभ

माझ्या नणंदेच्या यजमानांनी, म्हणजे आमच्या नानांनी, हात लावला नाही असं बिघडलेलं यंत्र धुळे-जळगाव पट्ट्यात शिल्लक नव्हतं, आणि त्यांनी हात लावल्यावर पूर्वीसारखं चाललं असंही एक नव्हतं. त्यांनी दुरुस्त केलेला माझा मिक्सर उलटा फिरू लागला. भिंतीवरचं घड्याळ फक्त आडवं ठेवलं तरच चाले. ते आम्ही पुढे चार वर्षं कपाटावर झोपवून ठेवलं होतं. माझ्या पुतणीच्या लग्नात ऐन मंगलाष्टकांच्या वेळी नाना गायब. सापडले ते लाऊडस्पीकरवाल्याच्या टेबलाखाली, तोंडात स्क्रू धरून. माणसांशी ते स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत, यंत्रांशी मात्र अहिराणी. “काय व्हयनं रे तुले?” असं पाण्याच्या पंपाला विचारताना मी त्यांना ऐकलं आहे. नणंद म्हणाली, “वहिनी, मला ताप आला तेव्हासुद्धा इतक्या मायेनं विचारलं नव्हतं.”

दोंडाईच्याला त्यांचं धान्याचं दुकान होतं. जळगावला आले की पॅसेंजरमधून उतरून थेट माझ्या कॉलेजच्या ऑफिसात येत. तिथे मी सुपरिंटेंडेंट होते, म्हणजे सगळ्यांच्या चुकांची धनी.

नव्वदच्या दशकातल्या एका जूनमध्ये ते असेच आले, तेव्हा आमचा सर्व्हर दर दहा मिनिटांनी थिजत होता. पडदा दिसे, पण कळ दाबली तरी ढिम्म. प्रवेशाची गुणवत्ता यादी बारा वाजता लावायची होती आणि सगळ्यांचे गुण त्याच्या पोटात. संगणक आल्यावर रजिस्टरं बंद करा म्हणून प्राचार्यांच्या मागे मीच लागले होते. अर्जांवरून पुन्हा भरायचं तर आठवडा गेला असता, आणि तोवर बाकीच्या कॉलेजांचे प्रवेश मिटले असते. पहूरपासूनचे पालक पोरांना घेऊन आवारात उन्हात उभे होते.

सर्व्हरमध्ये दोन डिस्का होत्या. दोन्हींत तोच मजकूर, एक गेली तर दुसरी असावी म्हणून. पडद्यावर ‘डिस्क १ निकामी’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ होती. धुळ्याहून आलेल्या मेकॅनिकने पहिली डिस्क काढून टेबलावर ठेवली होती, तरी थिजणं चालूच. शेवटी तो म्हणाला, “मॅडम, दुसरीपण गेली. सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल.”

“थांबा,” नाना म्हणाले आणि उघड्या सर्व्हरवर वाकले. बोटाने डिस्कांच्या जागा मोजल्या, “लाभ, दोन.”

मेकॅनिक हसला. “काका, एक कुठे गेला?”

“आम्ही धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. मग दोन, तीन.” बोट तिथेच थांबलं. “तुमचं मशीन पहिल्याला काय म्हणतं?”

“एकच म्हणणार ना!”

“पुस्तकात पाहा.”

मेकॅनिकने नाइलाजाने मशीनचं जाडं पुस्तक उघडलं, दोन पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. “शून्य म्हणतं.”

नाना ताडकन उभे राहिले. माणसाशी अहिराणी बोलताना मी त्यांना प्रथमच ऐकलं. “मंग मशीनना लाभ शून्य शे! एक म्हंजे दुसरी! मरेल ती आत बठेल शे, आन जिती तू टेबलवर काढी ठेवी!”

चांगली डिस्क परत आत गेली, मेलेली बाहेर आली. इतका वेळ मशीन त्या मेलीच्या उत्तराची वाट पाहत थिजत होतं. दहा मिनिटं गेली, वीस गेली. अर्ध्या तासाने मीच कळ दाबली आणि प्रिंटर करकरू लागला. प्राचार्य धावत आले. बाराला पाच कमी असताना यादी फळ्यावर होती. मेकॅनिक नानांच्या पाया पडायला वाकला. नाना दचकून मागे सरले आणि खुर्चीवर आदळले.

मग चहा सांगितला, तर नाना जागेवर नाहीत. फळ्यापुढे झुंबड होती, मागच्यांना काही दिसत नव्हतं, काहींना वाचताही येत नव्हतं. नाना स्टुलावर उभे राहून एकेक नाव खणखणीत वाचत होते. नाव ऐकून गर्दीतून हात वर झाला की थांबत, “शाबास, पोरा,” नाहीतर “शाबास, पोरी,” म्हणत, मगच पुढचं नाव. असं वाचायला पाऊण तास लागला. मला ढीगभर कामं होती, तरी मी दारात उभी राहिले.

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझ्याही निवृत्तीपर्यंत दर जूनमध्ये याद्या वेळेवर लागल्या, आणि लोक आपलं नाव मुकाट्याने पाहून निघून जात.