जाड पट्टी, पातळ पट्टी आणि आईची चिंच

माझ्या घरात मला हार्मोनिका वाजवायची पूर्ण मुभा आहे. फक्त ती घरात वाजवायची नाही.

बेंगळुरूच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून एक चिंचोळी जागा असते. तिला इथे सगळे 'युटिलिटी' म्हणतात. आमच्या जे. पी. नगरच्या घरातल्या युटिलिटीत वॉशिंग मशीन, पोछ्याची बादली, कांद्याबटाट्यांची जाळी आणि मी, अशा उपयोगी वस्तू ठेवलेल्या असतात. (चौथ्या वस्तूबद्दल घरात एकमत नाही.) मशीन एका पायाने किंचित आखूड आहे. कपडे पिळायची वेळ आली की ते धडधडत, थरथरत माझ्या अंगावर चालून येतं. पायाखाली पुठ्ठा घालून पाहिला, त्याचा लगदा झाला. तर अशा धडधडाटात, एका हाताने मशीन दाबून धरून मी ब्लूज वाजवतो. ब्लूज हे दुःखाचं संगीत. माझी बायको अदिती म्हणते, "तू वाजवतोस तेव्हा दुःख कुठे आहे ते लगेच कळतं. ऐकणाऱ्याकडे."

मला हॉलमध्ये यायचं होतं. माणसासारखं सोफ्यावर बसून, पंख्याखाली, ओल्या मोज्यांचा वास न घेता वाजवायचं होतं. आणि ते होत नव्हतं याचं कारण मी नव्हतो. कारण होतं पातळ पट्टी!

आता हे जरा समजावून सांगायला हवं. (अदितीला बऱ्याचदा सांगितलंय. ती दर वेळी मध्येच कुकर बंद करायला उठते.) हार्मोनिका, म्हणजे आपला माउथ ऑर्गन, उघडली की आत दोन पितळी पट्ट्या दिसतात. वरच्या पट्टीवरचे सूर फुंकल्यावर वाजतात, खालच्या पट्टीवरचे श्वास आत ओढल्यावर. प्रत्येक पट्टीवर नखाएवढ्या रुंदीच्याही नसलेल्या पितळी पात्या एका टोकाला ठोकून बसवलेल्या असतात. त्या थरथरल्या की सूर निघतो. ही पट्टी जाड असावी की पातळ, यावर इंटरनेटवर लोक एकमेकांच्या जिवावर उठलेत. एक पक्ष म्हणतो, जाड पट्टी घाला, आवाज भरदार होतो, दूरवर पोचतो, पण दम लागतो. दुसरा म्हणतो, पातळच बरी, कमी श्वासात बोलते, सूर हवा तसा वाकतो. मी अर्थातच पहिल्या पक्षात गेलो. आपल्याला नीट वाजवता येत नाही, हे मान्य करण्यापेक्षा पट्टी बदलणं कधीही सोपं.

जाड पट्ट्या मागवल्या. माझ्याकडे एकाच बनावटीच्या दोन हार्मोनिका होत्या. एकीत जाड जोडी बसवली, दुसरीत पातळ तशीच ठेवली. गोंधळ नको म्हणून काळ्या मार्करने जाड पट्ट्यांवर 'जा' आणि पातळ पट्ट्यांवर 'पा' लिहिलं. मग दोन्ही अदितीला वाजवून दाखवल्या.

"कळला फरक?"

"हो."

"काय?"

"दुसऱ्यांदा जास्त वेळ वाजवलंस."

सासरे, म्हणजे अप्पा, तिथेच कॉफी पीत बसले होते. जयनगरात त्यांची हयात गेली. कारखान्यात तपासणी खात्यात होते, त्यामुळे निवृत्त होऊनही डोशाची जाडी ते नजरेने मोजतात. शिवाय भजनी मंडळात पेटी वाजवतात.

"मंदारराव," ते म्हणाले, "पेटी घेताना पट्टी किती जाड, असं कोणी विचारत नाही हो. वाजवणारा कोण, ते विचारतात."

"अप्पा, फरक जमीन-अस्मानाचा आहे. मी डोळे मिटून ओळखतो!"

हे वाक्य मी का बोललो, देव जाणे. अप्पांनी कप खाली ठेवला. तपासणी खातं जागं झालं होतं.

"सरी," ते म्हणाले, म्हणजे कानडीत 'बरं'. "मग डोळे बांधूनच करू टेस्ट. ओळखलंत तर हॉल तुमचा, मी स्वतः तुम्हाला सोफ्यावर बसवणार. नाही ओळखलंत तर?"

"तर दोन्ही बाजे घराबाहेर," अदिती एका दमात म्हणाली. तिला विचार करायला वेळच लागला नाही.

दिवस ठरला खंडेनवमीचा. सगळ्यांना सुट्टी असते आणि अप्पा जेवायला येणार असतात. या दिवशी बेंगळुरात आयुधपूजा असते. बसपासून लॅपटॉपपर्यंत जे म्हणून चालतं, त्याला हळदकुंकू आणि झेंडूची माळ मिळते. साताऱ्याहून आलेल्या माझ्या आईला हे भलतंच आवडलं. सकाळी मिक्सर, इस्त्री आणि माझी स्कूटर पुजून झाल्यावर ती युटिलिटीत जाऊन वॉशिंग मशीनला कुंकू लावून आली.

"तुझे ते दोन बाजे पण दे. वाद्यं आहेत ना? पूजेत मांडते."

"बाजा नाही गं, हार्मोनिका. आणि हात लावू नकोस, परीक्षा आहे त्यांची!"

"परीक्षा आहे म्हणून तर पूजा."

मी आदल्या संध्याकाळीच दोन्ही हार्मोनिका उघडून, पुसून, पट्ट्या डायनिंग टेबलवर वर्तमानपत्रावर ओळीने मांडल्या होत्या. शेजारी छोटा स्क्रूड्रायव्हर. आता आल्यावर जोडू म्हटलं आणि पूजा आटोपल्यावर अप्पांना आणायला स्कूटरवरून जयनगरला निघालो. रस्त्यात जागोजागी गाड्यांच्या पूजेत फोडलेले कोहळे पडलेले, त्यामुळे बेताने गेलो, बेताने आलो. परत आलो तर टेबल मोकळं! दोन्ही हार्मोनिका जोडून, देवासमोर, प्रत्येकीवर एकेक झेंडूचं फूल.

"कुणी जोडल्या?"

"मी. व्हिडिओ बघून," अदिती म्हणाली. "कठीण काहीच नाही त्यात. उगाच तू तासन्‌तास बसतोस."

बायकोने आपल्या छंदात हात घातला म्हणून मी गहिवरलो. आईचा चेहराही जरा जास्तच समाधानी दिसत होता, पण सणाचा दिवस, तिचा तसा असतोच.

जेवणं झाली. अप्पा हॉलमध्ये खुर्ची भिंतीकडे वळवून बसले, म्हणजे त्यांना काही दिसायला नको. आई सोफ्यावर. अदितीने तिच्या ओढणीने माझे डोळे करकचून बांधले.

"दिसतंय?"

"काही नाही."

"नक्की? माझ्या हातात काय आहे?"

"हार्मोनिका."

"चहाचा चमचा आहे. चला, सुरू!"

पहिली हार्मोनिका तोंडाला लावली आणि जिभेला एकदम आंबट लागलं. थोडं खारटही. मी थबकलो. पण हॉल समोर होता! तज्ज्ञाने थबकून चालत नाही.

"हं. चव वेगळी आहे. धातूची."

"चवीवरून ओळखायचं नाही," अप्पा भिंतीला म्हणाले. "आवाज."

मी वाजवली. आवाज आला, कुठे घोगरा, कुठे किंचाळता, पण आला.

"ही पातळ!" मी जाहीर केलं. "बघा ना, कशी पटकन बोलते. श्वासच लागत नाही. पण गाभा नाही आवाजाला. पोकळ वाटतो."

"सरी. पुढची."

दुसरी तोंडाला लावली. फुंकली. काही नाही. जोर लावून फुंकली. आतून फुस्स करून हवा गेली. मग छातीत मावेल तेवढा श्वास भरून फुंकली, तेव्हा कुठे एका कोपऱ्यातून बारीक 'कुईं' निघालं. पाय दारात सापडल्यावर मांजर ओरडतं, तसं. ओढणीखाली माझे कान तापले, गाल फुगले.

"ही!" मी धापा टाकत म्हणालो. "ही जाड! शंभर टक्के जाड! दम बघा किती लागतोय!"

"आवाज कुठे आहे पण?" आईने विचारलं.

"आई, जाड पट्टी आहे ती. तिला मुरायला वेळ लागतो. पण जो काही सूर निघाला, त्याची खोली ऐकलीस?"

"'कुईं'ची?"

"हो!"

मला वाटलं, सगळे भारावले असणार. मी स्वतःच ओढणी सोडली. अप्पा उठले, खिशातून जाडी मोजायचा मायक्रोमीटर काढला (हो, सणाला जाताना लोक पेढे नेतात, आमचे अप्पा मायक्रोमीटर नेतात) आणि दोन्ही हार्मोनिका उघडल्या.

आत पाहिलं आणि माझे डोळे दिपले. चारही पट्ट्या देवाच्या ताम्हनासारख्या लखलखत होत्या. मार्करची एकही खूण नव्हती. 'जा' गेलेलं, 'पा'ही गेलेलं. एका फटीत चिंचेचा धागा अडकला होता.

"आई!"

"मग? पूजेत काय तसंच ठेवणार होतास?" आई ठसक्यात म्हणाली. "रोज तोंडात घालतोस, उष्टं, काळंकुट्ट झालेलं. निरांजन-घंटेबरोबर घेतलं घासायला. चिंच, मीठ आणि वरून काथ्या. या शेवटच्या दोन जरा चिवट होत्या, पण मी काही सोडलं नाही."

त्या शेवटच्या दोन पट्ट्यांवरच्या बऱ्याचशा पात्या वाकून आकाशाकडे बघत होत्या. काही तर जागेवरच नव्हत्या. माझी 'खोल सुरांची जाड' हार्मोनिका ती हीच.

"विहीणबाई, काम एकदम फर्स्टक्लास," अप्पा मान हलवत म्हणाले आणि मोजायला लागले. पहिली हार्मोनिका: वरची पट्टी पातळ, खालची जाड. दुसरी हार्मोनिका: वरची जाड, खालची पातळ. त्यांनी पुन्हा मोजलं. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"मंदारराव, दोन्ही अर्ध्या-अर्ध्या आहेत हो. जाड कुठली म्हणालात तुम्ही?"

मी अदितीकडे वळलो. ती सोफ्याची उशी तोंडावर धरून हसत होती.

"तू मिसळल्यास पट्ट्या?"

"मुद्दाम नाही रे! आईंनी घासून टेबलवर आणून ठेवल्या तर सगळ्या सारख्याच चकचकीत. वरची कुठली, खालची कुठली ते व्हिडिओत कळलं. जाड कुठली ते कळेना."

"मग मला आधी सांगायचं नाही?"

"तुला आवाजावरून कळतं म्हणालास ना!"

मी ओठांवरून जीभ फिरवली, अजून आंबटच लागत होतं.

"पण काहीतरी फरक होताच," मी शेवटचा प्रयत्न केला.

"होता ना," आई म्हणाली. "एक वाजत होतं."

अप्पांनी निकाल दिला, तोही तपासणी खात्याच्या भाषेत. "एक नग रिजेक्ट. टेस्ट रद्द. मंदारराव जिथे होते तिथेच." म्हणजे हॉल नाही, पण घराबाहेरही नाही. माझा जीव भांड्यात पडला. उरलेल्या अर्ध्या जाड, अर्ध्या पातळ हार्मोनिकेसह मी मुकाट्याने युटिलिटीत गेलो.

आता त्या मेलेल्या दोन पट्ट्या टाकवेनात. दसऱ्यानंतर एकदा मशीन कपडे पिळत माझ्या अंगावर यायला लागलं, तेव्हा अप्पाच आले होते. ते म्हणाले, "स्वल्प थांबा," आणि खाली वाकले. मशीनच्या आखूड पायाखाली त्यांनी आधी पातळ पट्टी सरकवली. मशीन हललंच. मग ती काढून जाड सरकवली. मशीन गप्प! एकदम चिडीचूप. पाण्याचा भरलेला ग्लास वर ठेवला, तर थेंब सांडला नाही.

अप्पा उठले, गुडघे झटकले आणि माझ्याशी हात मिळवला. "मान्य, मंदारराव. जाडच चांगली."

मला खरंच आनंद झाला. त्या आनंदात, त्या निवांत शांततेत, मी आठवडाभर मनसोक्त वाजवलं. मग खालच्या मजल्यावरच्या अक्का वर आल्या. त्या अदितीशी कानडीत बोलल्या, मला फक्त 'सरी' तेवढं कळलं. त्या गेल्यावर अदिती दाराला टेकून खाली बसली, हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, तुमच्या मशीनचा धडधडाट थांबला, फार बरं झालं. पण आता त्यातून रोज संध्याकाळी रडल्यासारखा आवाज येतो. बेल्ट गेलाय बहुतेक. कंपनीचा माणूस बोलवा."

त्या संध्याकाळपासून मी तळघरातल्या पार्किंगमध्ये, स्कूटरवर बसून वाजवतो. इंटरनेटवरच्या आमच्या पक्षाला मात्र मी अनुभव कळवून टाकलाय: जाड पट्टी बसवल्यापासून माझा आवाज खालच्या मजल्यापर्यंत स्पष्ट पोचतो. सगळ्यांनी अभिनंदन केलं. कुठे बसवली, ते कुणीच विचारलं नाही.