जुलैतला बेत

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास माझा नवरा भिवंडीजवळच्या वळ गावातल्या गोदामात खुर्चीवर बसला आणि उठला नाही. जानेवारीत आम्ही आफ्रिकेला जाणार होतो.

खरं तर जायचं होतं जुलैत. तो त्या गोदामात सुपरवायझर होता. दसरा-दिवाळीच्या मालामुळे ऑगस्टपासून तिथे कुणाला रजा मिळत नसे. जुलैत मात्र ट्रक कमी येत, म्हणून त्याने जुलै धरला होता. मोंबासाच्या दक्षिणेला समुद्राकाठी पाच दिवस, मग आत जंगलात तीन दिवस, हत्ती पाहायला. खारबावच्या खाडीत पोहायला शिकलेला माणूस तो. त्याला एकदा तळ दिसणारा समुद्र पाहायचा होता. संध्याकाळी ड्युटीवरून आला की चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी बसायचा. मी सातवीच्या भूगोलाच्या वह्या तपासत असायची आणि तो मध्येच विचारायचा, "मॅडम, हत्तीला पोहता येतं का?"

तिकडे जायला पीतज्वराची लस लागते. ती आम्ही मुंबईला जाऊन घेतली. परत येताना त्याचा दंड दुखत होता आणि तो फार खूश होता.

तिकिटं काढण्याआधी एका रविवारी जेवताना त्याने आईंना बेत सांगितला. माझे सासरे मच्छीमार होते. पावसाळा लागला की होडी वर ओढून ठेवायची आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच पाण्यात लोटायची, हा त्यांच्या घरचा नियम. सासरे गेले, होडी विकली, आई आमच्याकडे भिवंडीत राहायला आल्या, तरी नियम राहिला होता.

"जुलैत? नारली पुनवेच्या आदी दर्यावर कोन जातं रं? तुजा बा कंदी गेला न्हाय."

"आई, मी काय जाळं टाकायला चाललोय? हत्ती बघायला चाललोय."

"मंग हत्ती काय दर्यात ऱ्हातो?"

आम्ही दोघं हसलो. आई हसल्या नाहीत. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सूनबाय, तू शिकलेली हायस. पावसात दर्या कसा असतो, सांग त्याला."

मला माहीत होतं. तिकडचा मोठा पाऊस एप्रिल-मे महिन्यांत पडून जातो. जुलैत आतलं जंगल कोरडं होत जातं आणि जनावरं पाणवठ्यावर येतात. दोनच दिवसांपूर्वी त्याने हे मला वाचून दाखवलं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण त्या वाक्यानंतर घरात दोन दिवस कुणी कुणाशी बोललं नसतं, आणि तसल्या शांततेची मला लहानपणापासून भीती वाटते. मी म्हटलं, "जानेवारीत जाऊ. आफ्रिका कुठे पळून जातेय?"

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग माशाचा तुकडा ताटात घेत म्हणाला, "बरं. मॅडम म्हणाल्या म्हणजे झालं."

तो जुलै त्याने गोदामाच्या वाटेवर मानकोलीच्या चिखलातून बाइक काढत घालवला. जानेवारीच्या रजेचा अर्ज मात्र मंजूर झाला होता.

त्याचा फोन मी बंद केलेला नाही. त्यात दोन ठिकाणांचं हवामान दिसतं, भिवंडीचं आणि त्या किनाऱ्याचं. या जुलैत रोज शाळेला निघण्यापूर्वी मी ते बघते. इथे पाऊस. तिथे एखादा दिवस सोडला तर ऊन. ते ऊन दिसलं की गुडघाभर पाण्यात पँट वर दुमडून उभा असलेला माणूस दिसतो, माझ्याकडे पाठ करून. मी कितीही वेळ थांबले तरी तो वळत नाही. रिक्षावाला खालून हॉर्न देतो, मग मी निघते.

गेल्या आठवड्यात आई खिडकीशी तांदूळ निवडत होत्या. फोन माझ्या हातात होता. वर न बघता त्यांनी विचारलं, "सूनबाय, तिकडं पन तवा पाऊसच असल ना?"

त्यांचा हात सुपात थांबला होता. हा प्रश्न त्या दहा महिने मनात धरून बसल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

"हो आई," मी म्हटलं. "खूप असतो. समुद्र खवळलेला असतो."

"मंग न्हाय गेला ते बरा झाला."

"हो."

त्यांनी एक खडा वेचून खिडकीबाहेर टाकला. मी चप्पल घालून खाली उतरले.

आता घरात आम्ही दोघी आहोत. आईंना जे सांगितलं, ते मी अजून बदललेलं नाही.