पिठात उतरलेली नाचणी

आज पोळीवर लालसर ठिपके दिसले. गिरणीत माझ्या आधी शेजारच्या काकूंची नाचणी दळली गेली होती, तीच माझ्या गव्हात उतरली. त्यांच्याकडे नाचणी येते ती आजारपणात, पेजेसाठी. म्हणजे त्यांचे आजारी काका आता पेजेवर आलेत. काकू तर सगळ्यांना "बरे आहेत" म्हणून सांगतात.

माझी मुलगी घरी बसून दूरदेशीच्या क्वांटम कॉम्प्युटरवर नव्या औषधाची गणितं करते. ते यंत्र अनेकजण भाड्याने वापरतात.

ठिपके बघून ती म्हणाली, "बाबा, तिथेही असंच. आधीच्याचं पुसतात, पण थोडं उरतं. नंतरच्याला त्यावरून अंदाज येऊ शकतो."

"तुझ्यानंतर कोण असतं?"

"ते कळत नाही."

मी पोळी संपवली. गिरणीत निदान आपल्यामागे कोण उभं आहे, ते वळून बघता येतं.