दोन हातांवरची बोरी

आमच्या काशीतल्या घाटाच्या पायऱ्या वरून दिसतात तशा खाली नाहीत. खाली गंगेनं दगड खाऊन टाकलाय, पायऱ्यांच्या पोटात पोकळ्या झाल्यात, कुठं वाकून जाता येईल एवढ्या, कुठं सरपटत. अंघोळीला उतरलेलं माणूस घसरलं तर कधीकधी ओढीनं त्या पोकळीत जातं आणि मग वर येतच नाही. त्याला काढायला वरून गळ टाकून भागत नाही, कुणीतरी आत शिरावं लागतं. ते आत शिरायचं शिक्षण मी घेत होते. मी, दुर्गाघाटावरच्या भिक्षुकाची सून, सातवी शिकलेली, तीन वर्षांच्या मुलीची आई.

मला का घेतलं, तर मागच्या वर्षी नगरकडची एक यात्रेकरू बाई माझ्या डोळ्यांदेखत पाण्यात गेली आणि मी साडीसकट उडी मारून तिचे केस धरले. माझं माहेर कृष्णाकाठचं, कमरेला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली मी, मला त्यात काही वाटलं नाही. पण घाटावरच्या मल्लाहांनी, म्हणजे नावाड्यांनी, पाहिलं. बुडालेल्यांना काढणाऱ्या त्यांच्या संस्थेत सगळे पुरुष, आणि बाई बुडाली की घरचे म्हणतात परक्या पुरुषानं हात लावायचा नाही, तिथंच भांडणं होतात. म्हणून त्यांचे साहेब घरी आले. शिक्षण पुरं केलं तर पक्की नोकरी, दर महिन्याला पगार.

नवरा पुण्याला गोडाऊनमध्ये कामाला. फोनवर म्हणाला, "बघ, जमत असेल तर." सासऱ्यांनी पोथीतून वर बघितलंच नाही. सासूबाई म्हणाल्या, "मढ्यांना शिवून माझ्या चुलीपाशी यायचं नाही. आणि केस वाळेपर्यंत पोरीला जवळ घ्यायचं नाही." अजून एकही मढं मी पाहिलं नव्हतं, नुसतं शिकत होते, तरी रोज दुपारी मी गच्चीवर केस पसरून बसायचे आणि पोरगी जिन्याच्या दारामागून "आई, वाळले?" विचारत राहायची. मला एवढंच हवं होतं की तिला शाळेत घालताना कुणाचं तोंड बघायला लागू नये. म्हणून गेले.

शिकवणारे सर नौदलातून रिटायर झालेले. आधी दोन महिने पोहायच्या तलावात, वर जाळी टाकून. जाळी म्हणजे छत. चष्म्यावर काळं फडकं बांधायचे आणि एक दोरी हातात द्यायचे, तिच्यावरून चाचपत बाहेर यायचं. विहिरीत घाबरलं तर वर यायचं असतं, इथं वर दगड, घाबरलं तरी आल्या वाटेनंच परत. दोरीचं मला जमलं. श्वासाचं नाही. पाठीवर हवेची टाकी, तिला काटा. काटा दोनशेवर असताना आत जायचं आणि एकशेचाळीसला परत फिरायचं, कारण साधारण तिसरा हिस्सा जायला, तिसरा यायला, आणि राहिलेला जोडीदाराची हवा संपली तर त्याला. मी आत गेले की पोरीचं काय होईल, पोरीचं काय होईल, आणि भसाभसा ओढायचे. माझा काटा सगळ्यांच्या आधी एकशेचाळीसला यायचा.

एकाचा काटा आला की जोडीनं दोघांनी फिरायचं, असा नियम. म्हणून माझ्याबरोबर कुणी जायला बघेना.

"इनके लिए तो टैंकर मंगवाइए साहब," एकजण म्हणायचा, आणि सगळे हसायचे. मीसुद्धा हसायचे.

शेवटी एक चाळिशीचा मल्लाह तयार झाला. गालात पान, बोलणं कमी. वीस वर्षं नदीतून माणसं काढतोय. मला बहू म्हणायचा. सर सगळ्यांना सांगायचे, "कोई भी, कभी भी, वापस बोल सकता है. क्यों, ये कोई नहीं पूछेगा." मी मान हलवायचे. पण खरं सांगू, मला ते कळलंच नव्हतं. का म्हणून विचारणारच नाहीत, असं कधी असतं का?

मग तलावातून जुन्या कुंडात नेलं. कुंडाच्या तळाशी विटांचं एक भुयार आहे, पलीकडच्या विहिरीत निघतं. पाणी हिरवं, बॅटरी लावली तर दोन-तीन हात दिसतं. तिसऱ्या दिवशी निम्म्या भुयारात त्या मल्लाहानं माझ्या तोंडापुढं बॅटरी हलवून विचारलं, काटा किती? माझा एकशेचाळीसला टेकला होता. मी बोटांनी एकशेसाठ सांगितलं.

का सांगितलं? मी त्यावर खूप विचार केलाय. आमच्या घरी मी शेवटी जेवते. भाजी संपलेली असली आणि कुणी विचारलं तर मी म्हणते, आहे, माझ्यापुरती आहे. ते तोंडातून आपोआप येतं, त्याला खोटं म्हणायचं मला कधी सुचलं नाही. तसंच बोटांतून आलं. माझ्यामुळं याला पुन्हा परत जायला लागू नये, एवढंच.

तो पुढं निघाला. थोड्या वेळानं थांबला, आणि या वेळी विचारलं नाही, सरळ माझा काटा हातात धरून बघितला. एकशेदहा. चष्म्याच्या काचेमागं त्याचे डोळे मला दिसले. दंड धरून त्यानं मला वळवलं. वळताना माझा पाय तळाला लागला, गाळ उठला, बॅटरी असून नसल्यासारखी. दोरी मुठीत, आणि कानात माझाच श्वास, भस भस भस. पोरगी आठवली नाही. काहीच आठवलं नाही. फक्त दोरी.

बाहेर आले तेव्हा काटा वीसवर.

"इतना कम?" सरांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "माटी उठ गइल साहब, टाइम लग गया."

सर गेल्यावर तो पायरीवर पान थुंकून माझ्याजवळ आला. हळूच म्हणाला, "बहू, हम बहुत लाश निकाले हैं. तोहार नाहीं निकालब." आणि मग, "कल से केहू और के साथ जा."

एवढंच. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्या दिवशी गल्लीतून घरी येताना सगळे ओळखीचे दुकानदार राम राम करत होते आणि मला वाटत होतं, मी तिथंच आत राहिलेय, हे कुणाला दिसत कसं नाही. घरी कुणाला सांगणार? सासूबाईंना सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी दार लावून घेतलं असतं.

दुसरं कोण येणार माझ्याबरोबर? शेवटच्या परीक्षेला सर स्वतः जोडीदार झाले. भुयाराच्या टोकाला, विहिरीच्या तोंडाशी, त्यांनी वाळूची बोरी, इथं पोत्याला बोरीच म्हणतात, ठेवली होती, तिला केशरी साडी गुंडाळून. तिला दोर बांधायचा आणि परत यायचं. बांधला तर पास.

मी श्वास मोजत गेले. ओढताना चार, सोडताना आठ. बाकीच्यांपेक्षा हळूच जात होते, पण जात होते. आणि मग बॅटरीत केशरी दिसलं. पदर पाण्यात हलत होता. माझ्यापासून दोन हात. कंबरेचा दोर मी सोडून हातात घेतलासुद्धा.

काटा बघितला. एकशेचाळीस.

सर मागं होते, त्यांना माझा काटा दिसत नव्हता. दोन हात जायचं, गाठ मारायची, किती लागलं असतं? दोरी धरून मी तिथं थांबले. ओढीत बुडालेली खरी बाई असती तर तीही अशीच दिसली असती, पदर हलवत, बोलावल्यासारखी. मला रडू येत होतं आणि चष्म्यात रडता येत नाही. मग मी वळले आणि सरांना अंगठ्यानं खूण केली, परत.

सरांनी बोरीकडं बॅटरी मारली, माझ्याकडं मारली. विचारलं नाही. वळले.

बाहेर त्यांनी वहीत काटा लिहून घेतला. मी विचारलं, "सर, पास?"

"रस्सी नहीं बांधी," ते म्हणाले. "तो कैसे पास?" मग वही मिटून म्हणाले, "पूस में पानी साफ रहेगा. फिर से बैठो."

बाकी सगळे पास झाले. एकमेकांना मिठ्या मारल्या, पेढे आले, मलाही एक दिला. तो मल्लाह दोन पायऱ्या वर बसला होता. माझ्याकडं बघून त्यानं बोटांनी विचारलं, किती होता? मी बोटांनी सांगितलं, एकशेचाळीस. त्यानं मान हलवली आणि उठून आपल्या माणसांत गेला.

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. मागं टेंपोचे हॉर्न.

"झालं का मग?"

"नाही. बोरी राहिली."

"सापडली नाही?"

"सापडली की. दोन हातांवर होती."

"दोन हातांवरून परत आलीस?"

"हो."

"अगं, दोन हात म्हणजे..." मग म्हणाला, "बरं, जाऊदे. जेवण झालं तुमचं?"

मी त्याला तिसऱ्या हिश्श्याचं सांगायला लागले, जायला एक, यायला एक, आणि एक दुसऱ्याला. निम्म्यात तो म्हणाला, मालक आले, ठेवतो.

पौषाला अजून पुष्कळ दिवस आहेत. सासूबाई धरून चालल्यात की संपलं ते सगळं, आणि मी अजून त्यांना काही बोलले नाही, पण बोलणार आहे. पहाटे अंघोळीची गर्दी व्हायच्या आत मी आमच्याच घाटावर गळ्यापर्यंत पाण्यात उभी राहते. ओढताना चार, सोडताना आठ. आता दहापर्यंत जातंय. येणारे-जाणारे समजतात बाई जप करतेय.