रिकाम्या डब्यातला आवाज

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला तोंडावर खोटारडा म्हणणारा माणूस मी. आजही म्हणतो. शिक्षण चौथी, पण शहाडच्या एका कारखान्यात उभी हयात बॉयलरवर काढली. डोळ्यांनी काटा बघितल्याशिवाय प्रेशरवरसुद्धा विश्वास ठेवला नाही. तरी हे घडलं. हसायचं तर हसा.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. आंबिवलीत आमची चाळ. शेवटून दुसरी खोली माझी, शेवटची मालतीवहिनींची. मधली भिंत इतकी पातळ की तिकडे मोहरी तडतडली तरी इकडे कळायचं. बायको आदल्या वर्षी गेलेली. मुलगा दिनेश पुण्याला नोकरीला. त्याचा कॉम्प्युटर खिडकीखाली टेबलावर तसाच, बायकोने शिवलेल्या कव्हराखाली.

जाताना दिनेशने सांगितलेलं, "बाबा, बटण दाबलं की हा आधी स्वतःलाच तपासतो. मेमरी, कीबोर्ड, सगळं जागेवर आहे का बघतो. ठीक असेल तर एकदाच टीं करतो. बिघाड असेल तर जास्त वेळा ओरडतो."

मला ते फार पटलं. आम्हीही पाळीवर गेलो की आधी बॉयलरमधलं पाणी दाखवणारी काच बघायचो, धोक्याची शिट्टी बघायचो. माणसं दुखलं तरी बोलत नाहीत, हा यंत्र असून सांगतो!

मग सवयच लागली. सकाळी आंघोळ झाली की बटण दाबायचं. पंखा फिरायचा, हिरवा दिवा लागायचा आणि... टीं. मी म्हणायचो "ठीक", आणि बंद करायचो. मॉनिटरचा पडदा कधी लावला नाही, इंग्रजी कुणाला वाचायचंय! दिवसभरात त्या खोलीत तेवढंच काय ते बोलणं.

कधी उशीर झाला तर भिंतीपलीकडून वहिनी, "भाऊजी, आज टीं उशिरा? माझा चहा लांबला तुमच्यापायी!"

"तुमच्या चहाचा भोंगा आहे का मी?"

दिनेशचा फोनवर एकच धोशा — खोली विकू, पुण्याला चला, एकटे राहू नका. मी म्हणायचो, डोकं आणि हातपाय जागेवर आहेत तोवर मी इथून हलणार नाही.

दसऱ्याला तो आला. कारखान्यात आमची रीत — यंत्र आधी आतून साफ करायचं, मगच हळद-कुंकू. मी म्हटलं, "दिन्या, उघड हा डबा."

तो अडखळला. "राहू दे ना बाबा, वरूनच करू पूजा."

"वरवर पुसून देवाला फसवतोस?"

स्क्रू काढले. आत धूळ, पंखा आणि लोंबत्या वायरी. दिनेश खाली बघत म्हणाला, "गुढीपाडव्याला आलेलो ना, तेव्हा मेमरी आणि डिस्क काढून नेली मी. छोटा स्पीकरसुद्धा. तुम्ही चिडाल म्हणून बोललो नाही."

"मग हा रोज टीं कसा करतो?"

"बाबा... मेमरी नसेल तर हा बोंबलायला पाहिजे. आणि बोंबलायलाही स्पीकर लागतो. याला तोंडच नाही आता."

मी बटण दाबलं. पंखा फिरला, दिवा लागला. आवाज नाही. पुन्हा दाबलं... नाही.

दिनेशने माझ्या खांद्यावर हात ठेवला. आजारी माणसाच्या खांद्यावर ठेवतात तसा. "भास होतायत तुम्हाला. आता माझं ऐका, उद्या माझ्याबरोबर निघायचं."

मी काढलेले स्क्रू गोळा करायला लागलो.

तेवढ्यात वहिनी झेंडूचं तोरण घेऊन दारात. "काय हो भाऊजी, सणाच्या दिवशी टीं नाही?"

दिनेश गर्रकन वळला. "काकू, तुम्हालाही ऐकू येतं?"

"म्हणजे? मला काय कान नाहीत? कालसुद्धा वाजलं की!"

तो खाटेवर बसला. मग उठून कितीतरी वेळ त्या वायरी चाचपत राहिला. पुण्याचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी कल्याणहून जुनी मेमरी आणि स्पीकर आणून त्याने बसवले. बटण दाबलं. झालं टीं, नियमाप्रमाणे एकदाच. पोरगा खूश. भिंतीपलीकडून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, हा तो नव्हे हो."

नव्हताच. हा पत्र्यावर टाचणी पडल्यासारखा. आधीचा मऊ होता... याहून नीट सांगता येत नाही. तो परत आला नाही. दिनेश गेल्यावर मी स्पीकर, मेमरी पुन्हा काढूनही बघितलं. नुसता पंखा.

पुण्यातल्या जाणकारांना दिनेशने विचारलं. ते म्हणे, शेजारचं घड्याळ वाजत असेल. वहिनींचं घड्याळ चावीचं, ते टीं कसलं करणार! भूत म्हणाल तर मी भांडेन. पण दुसरं काय म्हणायचं, ते मला आजवर सापडलेलं नाही.

खोली राहिली, मीही राहिलो. त्यानंतर वहिनी सकाळी भिंतीवर लाटणं आपटून विचारायला लागल्या, "आहात ना?" मी इकडून मूठ आपटतो. हा आवाज कुठून येतो, ते निदान कळतं.