विहिरीपर्यंत न पोचणारा छर्रा

रक्त! पोरीच्या गालावर रक्त, झग्यावर रक्त, आणि मला कळेचना कुठून येतंय. बार तर लांब, पडवीजवळ झाला होता. मी विहिरीवर गोधड्या धूत होते, ती बाजूला चिखलात खेळत होती. कळशी टाकली, तिला उचललं आणि धावले. डोळ्याच्या खाली काळा ठिपका, मिरीएवढा, कातडीत रुतलेला.

दीर माडावरच्या माकडांवर बंदूक चालवत होते. मी ओरडले, "भावजीनू, काय केलात ह्या?"

"माझो छर्रो न्हय तो. हयसून विहिरीपर्यंत पोचणा नाय. पोचलो तरी मेलेलो आसता."

मेलेला म्हणे! पोर किंचाळतेय आणि छर्रा मेलेला.

सासरे जुने शिकारी. ते अंगणात उभे राहून मलाच शिकवायला लागले. बार जवळचा असला की सगळे छर्रे मुठीसारखे एकत्र जातात, फाडून टाकतात. लांब गेले की पाण्यात फेकलेल्या पागाच्या जाळ्यासारखे पसरतात. "मगे जोर रवणा नाय. माकड पण मरणा नाय तेना."

माझं डोकं फिरलं. विहिरीजवळच्या दोरीवरची ओली गोधडी ओढून आणली, त्यांच्या पायाशी टाकली. एक भोक इथे, दुसरं हातभर लांब. नेम माडावर आणि भोकं विहिरीकडे!

"माकड मरणा नाय म्हणतास. डोळो फुटाक किती जोर लागता, मामानू?"

सासू हळद घेऊन आली. "गप रव गो. डाक्टर पोलिसांक सांगतलो, लायसन जातला. मगे माकडां कोण हाकतलो, तुझो बापूस?"

"माका लायसन नको, माझा चेडू होया!"

तशीच निघाले. खाडीवर पूल नाही, तरीच्या होडीत बसले तर मागून सासरे येऊन बसले. मालवणात दवाखान्यात मी तोंड उघडायच्या आधी तेच म्हणाले, "काटा लागला."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, काय लागलं?"

नवरा मुंबईला, मला राहायचं ह्यांच्याच घरात. पण काटा म्हटलं तर डॉक्टर एकच जागा बघणार. पसरलेला छर्रा आणखी कुठे घुसला असला तर?

"बंदूक," मी म्हटलं.

त्यांनी पोरीचे केस बाजूला करून बघितलं. कानामागे दुसरा निघाला.

लायसन गेलं. माकडं आता माडावर बसून आमच्याकडे बघत नारळ पाडतात. दीर माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. आणि नवरा गणपतीला आला तो पोरीच्या गालावरचा वण बघून म्हणतो कसा, "काटो म्हटला असतंस तर काय बिघडला असता?"

तुम्ही बायका वाचताय ना हे? तुम्ही काय सांगितलं असतं त्या डॉक्टरला?