रेस्टॉरंट मोडमधले पप्पा

माझे पप्पा खोपटच्या बस डेपोत मेकॅनिक होते. उभं आयुष्य इंजिनाखाली गेलं, त्यातच कान गेले, असं आई सांगते. कान शाबूत आहेत, तुझं ऐकायचा कंटाळा आलाय, असं पप्पा म्हणायचे. दोनेक वर्षांपूर्वी मात्र ही मस्करी संपली. आई समोर उभी राहून हातवारे करायला लागली, तेव्हा मी बोनस आला तसा उचलला आणि पप्पांना कानाचं मशीन घेतलं.

साधंसुधं नाही, परदेशी कंपनीचं. शेंगदाण्याएवढं, ना बटण, ना स्क्रू. सगळा कारभार मोबाइलमधल्या अ‍ॅपवरून. पप्पांनी ते ट्यूबलाइटखाली धरून चारी बाजूंनी फिरवून बघितलं.

"हे खोलायचं कुठून?"

"खोलायचं नसतं, पप्पा."

"मग बिघडलं तर?"

"बिघडत नाही हो!"

जणू कंपनी माझ्याच काकाची. माझी नोकरीही तशीच आहे म्हणा. मी ठाण्यात एका परदेशी प्रिंटर कंपनीच्या कस्टमर सपोर्टला बसतो. तिकडच्या लोकांना 'तुमचं मॉडेल आता सपोर्टेड नाही' हे दिवसभर गोड इंग्रजीत कळवायचं, याचा मला पगार मिळतो. त्यामुळे टेक्नॉलॉजीतला शेवटचा शब्द घरात माझाच होता.

मशीन झकास चाललं. मग शहाडला आतेबहिणीच्या मुलीचं लग्न आलं. वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, तोवर पप्पा खूश होते. मग डीजे सुरू झाला. डेपोतले जुने दोस्त येऊन जय भीम करत होते, बाजूला बसून बोलत होते, आणि पप्पा नुसती मान हलवत होते. मला म्हणाले, "अरे, काही कळत नाय. यात काय करता येतं का बघ ना."

"शंभर वेळा दाखवलंय, पप्पा," असं म्हणत मी त्यांच्या हातातून फोन ओढला. हो, ओढलाच. अ‍ॅपमध्ये 'रेस्टॉरंट' नावाचा एक मोड होता. तो लावला की मशीन फक्त समोरच्या माणसाचं ऐकतं, मागचा आणि बाजूचा गोंगाट कापून टाकतं. लावला, आणि काय सांगू, पप्पांचा चेहराच बदलला. समोर खुर्ची ओढून एकेक दोस्त बसला, तासभर गप्पा रंगल्या. त्या खुशीत मी अ‍ॅपमधल्या आणखी एका चौकोनावर टिक केली: मशीन चालू झालं की दर वेळी हाच मोड. म्हटलं, परत परत कटकट नको.

पुढे ते बदलायचं माझ्या डोक्यातूनच गेलं. महिनाभराने पप्पांचा फोन पाण्याच्या बादलीत पडला. नवा घेतला, तर त्यात ते अ‍ॅप मिळेना. माझ्या फोनवर शोधलं, तिथेही नाही. कंपनीने नवं मशीन बाजारात आणलं होतं आणि जुन्याचं अ‍ॅप गुपचूप गुंडाळून टाकलं होतं. मशीन ठणठणीत, कान तेच, माणूस तोच, पण चावी सातासमुद्रापार.

कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडून एक गोड आवाज म्हणाला, "आय अंडरस्टँड युवर फ्रस्ट्रेशन, सर." हे वाक्य मी रोज वीसेक वेळा टाइप करतो. त्यात अंडरस्टँड काहीही नसतं, हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार! यानंतर नव्या मॉडेलवर सवलत येते, हेही माहीत होतं. ती आली. 'आणखी काही मदत करू शकतो का' हेही आलं. बरं, रागवावं तरी कोणावर, तो बिचारा माझंच काम करत होता.

ज्यांच्याकडून मशीन घेतलं होतं, त्या ठाण्याच्या मॅडमकडे गेलो. पप्पांना नेलं नाही, एकटाच गेलो. मॅडमनी मशीन कॉम्प्युटरला जोडून बघितलं. "हे रेस्टॉरंट मोडवर लॉक आहे. कोणीतरी कायमचं सेव्ह केलंय," त्या म्हणाल्या. "या मॉडेलचं आमच्याकडचं सॉफ्टवेअरही कंपनीने बंद केलं. मी बघू शकते, बदलू शकत नाही."

मग त्यांनी खालच्या खणातून एक डबी काढली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी. ती शर्टाच्या खिशाला अडकवायची, वायर कानापर्यंत न्यायची. पेन्सिल सेल, आणि आवाज कमीजास्त करायला बाजूला एक चकती. "पॉकेट मॉडेल. आपल्याकडेच बनतं. नवं घेईपर्यंत हे न्या," म्हणाल्या.

मी हसलोच. माझे पप्पा खिशात ट्रान्झिस्टर अडकवून फिरणार? लोक काय म्हणतील? "नको मॅडम, कंपनी काहीतरी करेल," असं सांगून मी निघालो.

घरी सांगितलं ते एवढंच: कंपनीने सपोर्ट बंद केला. खोटं नव्हतं, फक्त अर्धं होतं. उरलेलं अर्धं गिळून मी स्वदेशीचा कट्टर पुरस्कर्ता झालो. बिल्डिंगच्या ग्रुपवर लांबलचक लिहिलं. आपला देश, आपला डेटा, आपली मशिनं, कुठवर या परदेशी कंपन्यांच्या दारात उभे राहणार वगैरे. लिहिलं परदेशी फोनवर, टाकलं परदेशी अ‍ॅपवर, आणि ऑफिसातल्या परदेशी कॉम्प्युटरसमोर बसून अंगठे मोजले. एका काकांनी एका देशी मेसेज अ‍ॅपची लिंक टाकली. सगळे जोशात तिकडे गेले, आणि आपण तिकडे गेलोय हे सांगायला परत इकडे आले.

पप्पांना माझा लेख मी समोर बसून वाचून दाखवला. समोर होतो, म्हणून ऐकू गेला.

"चांगलं लिहिलंस," पप्पा म्हणाले. "पण याचं काय?" आणि कानाकडे बोट केलं.

"मेल टाकलाय कंपनीला."

"बरं."

असे तीन महिने गेले. आमचे पप्पा कल्याणातल्या आपल्याच घरात हॉटेलात बसल्यासारखे बसून होते. समोर येईल त्याचं ऐकायचे, बाकी जग बंद. आईला आयुष्यभराची सवय, बोलायचं ते स्वयंपाकघरातून, पाठीमागून. ती बोलत राहायची आणि पप्पा पेपर वाचत राहायचे. "पूर्वी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, आता खरंच ऐकू येत नाही. मला तर फरकच कळत नाही," असं ती हसून म्हणायची. मी पण हसायचो.

एका दुपारी आई बाथरूममध्ये घसरून पडली. मनगट मोडलं, उठता येईना. पप्पा हॉलमध्ये, बाथरूमकडे पाठ करून पेपर वाचत होते. मध्ये दहा पावलांचंही अंतर नाही. तिने किती हाका मारल्या ते तिलाच माहीत. शेवटी शेजारच्या काकूंना भिंतीतून आवाज गेला. दुपारी आमचं दार उघडंच असतं. त्या धावत आत आल्या, तेव्हा पप्पांनी पेपर बाजूला ठेवला, हसून म्हणाले, "या या, बसा."

काकूंनी मला हे सांगितलं तेव्हा त्या रडत होत्या. मला रडूही येईना, इतकी स्वतःची लाज वाटली. पप्पा हॉस्पिटलच्या बाकावर मान खाली घालून बसले होते. येणारा प्रत्येक जण त्या कंपनीला शिव्या घालत होता, आणि सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

दुसऱ्याच दिवशी मॅडमकडे जाऊन ती डबी आणली. पप्पांनी घरी डबी हातात घेतली आणि पहिलं काम काय केलं असेल, तर स्क्रू ड्रायव्हर आणून ती खोलली. आत बघितलं, बोट फिरवलं, परत बंद केली. "हां, हे मशीन," म्हणाले. वायर शर्टाला घासून खरखर होते, चकती जास्त फिरवली तर शिटी वाजते, पण मागचं, बाजूचं, शेजारच्यांच्या कुकरचं, सगळं येतं. लोक काय म्हणाले, तर काहीच नाही. डेपोतल्या एका दोस्ताने मॅडमचा पत्ता तेवढा विचारला.

माझ्या पोटात मात्र ते उरलेलं अर्धं तसंच होतं. एका रविवारी पप्पा गॅलरीत बसले होते, माझ्याकडे पाठ. मी मागे उभा राहिलो आणि हळूच बोललो. खरं सांगायचं तर इतक्या हळू, की ऐकू गेलं नाही तर बरंच.

"पप्पा, तो मोड मी लावलेला. लग्नात. कायमचा. कंपनीने नाही."

पप्पा वळले नाहीत. "ठाऊक आहे," म्हणाले.

मला वाटलं, ते दुसऱ्याच कशाबद्दल बोलतायत.

"लग्नातनं आलो त्या दिवसापासून मागचं बंद झालेलं. गाडी कुठल्या हातात बिघडली ते कळतं रे मला."

"मग तेव्हाच का नाही बोललात? तेव्हा अ‍ॅप होतं, दोन मिनिटांचं काम होतं!"

पप्पा म्हणाले, "मोबाइलचं काही विचारलं की तू चिडतोस."

रागाने नाही म्हणाले. मला तर वाटलं, या माणसाने उठून माझ्या कानाखाली एक द्यावी.

तेवढ्यात आतून आईने हाक मारली. हात प्लास्टरमध्ये, डब्याचं झाकण निघत नव्हतं.

"आलो गं," पप्पा म्हणाले, आणि उठून आत गेले.